जरा मागे घे!

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा बहुतेकांना गुरुजनांच्या, स्नेहसंमेलनांच्या, सहलींच्या आठवणी आल्या असतील. मला त्या आहेतच. पण आमच्या १९८८ च्या दहावीच्या तुकडीतली काही मुलं मलखांबावर चढली, जिल्ह्यापर्यंत गेली, त्यामागे हाँगकाँगहून निघून आमच्या खाडीकाठच्या गावात पोचलेल्या काही व्हिडिओ कॅसेटी आणि कुवेतहून आलेला एक व्हीसीआर होता. ही गोष्ट शाळेच्या कुठल्याही अहवालात नाही. ती नोंदली जावी असं मला मनापासून वाटतं.

१९८२ च्या एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं. आमच्या चिपळूण-खेडच्या पट्ट्यात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले ते मात्र मुख्यतः आखातातून. घरटी एक तरी माणूस तिकडे, सुट्टीवर येताना सामानात व्हीसीआर. माझ्या वर्गमित्राच्या चाचांनी कुवेतहून असाच एक आणला होता. त्यांच्या पडवीत गावातलं कुणीही येऊन बसावं, चाची सगळ्यांना चहा द्यायच्या. कॅसेटी बाजारपेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीच्या भाड्याने यायच्या. आधी देवाधर्माचा चित्रपट, मग घरगुती, आणि मोठी माणसं पेंगायला लागली की ‘मारामारीची’. कुंगफू, कराटे, सगळ्याला आम्ही कराटेच म्हणत असू.

पहिली कॅसेट अर्थातच ब्रूस लीची, ‘एन्टर द ड्रॅगन’. तो माणूस २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये वारला, म्हणजे आमच्यातले बरेच जण तेव्हा रांगत होते, आणि हा चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर लागला. पण आमच्यासाठी तो जिवंतच होता. पुढे कुणीतरी बातमी आणली की त्यातल्या भुयारातल्या मारामारीत ब्रूस ली ज्याचे केस धरून मान मोडतो तो पोरगा म्हणजे जॅकी चॅन. लगेच कॅसेट पुन्हा आणली. पॉझ दाबलं की चित्र थरथरायचं, मधून पांढरे पट्टे जायचे, आणि जास्त वेळ थांबवलं तर मशीन टेप झिजू नये म्हणून आपोआप पॉझ सोडायचं. तरी तो चेहरा आम्ही शोधून काढला.

कॅसेटचं वेड नेमकं कशामुळे लागलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मारामारी तर तालुक्याच्या टॉकीजमध्येही बघायला मिळायची. पण टॉकीजमध्ये चित्रपट आपल्या गतीने निघून जातो. उडी कशी मारली हे कळायच्या आत नायक पलीकडच्या गच्चीवर असतो. पडवीत मात्र कुणीतरी ओरडायचं, “जरा मागे घे!” आणि उडी पुन्हा. मग पुन्हा. पहिल्या वेळी नुसता थरार, दुसऱ्या वेळी पाय दिसायचे, तिसऱ्या वेळी उडी मारण्याआधीचा श्वास. टॉकीजमध्ये आम्ही प्रेक्षक होतो, त्या पडवीत विद्यार्थी झालो.

हे प्रत्येक चित्रपटाच्या बाबतीत घडत नाही. मागे घेऊन बघावं असं काही तिथे असावं लागतं. आपल्या हिंदी चित्रपटांत तेव्हा ठोसा एका तुकड्यात, पडणारा माणूस दुसऱ्या तुकड्यात आणि ‘ढिशुम’ तिसरीकडूनच यायचा. मागे घेतलं तरी हाती काही लागत नसे. हाँगकाँगवाल्यांचा कॅमेरा मागे सरून उभा राहायचा आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसायचा. त्यांना ते परवडायचं, कारण समोरच्या माणसाला ते खरोखर येत असे. जॅकी चॅन, सामो हंग, युएन बिआओ हे तिघेही हाँगकाँगमधल्या यु जिम-युएन या गुरूच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेतले. जॅकीला आईवडिलांनी तिथे दहा वर्षांच्या कराराने ठेवलं होतं. कोलांट्या, हातांवर उभं राहणं, गाणं, शस्त्रं, आणि चुकलं की छडी. कधी कधी कॅमेरा किंचित हळू चालवून पडद्यावर वेग वाढवत, हेही पुढे वाचलं. पण हातांवर उभं राहणाऱ्याचा तोल कॅमेऱ्याने येत नाही.

आणि त्या लोकांनाही मागे घेण्याचा मोह होत असणार! १९८३ च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये जॅकी घड्याळाच्या मनोऱ्यावरून कनाती फाडत खाली कोसळतो, १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’त मॉलमधल्या दिव्यांच्या माळांमधून खांबावरून घसरत येतो. ही दोन्ही दृश्यं चित्रपटातच लागोपाठ पुन्हा दाखवली आहेत. आम्ही बटण दाबून जे करत होतो ते त्यांनी टॉकीजमधल्या प्रेक्षकासाठी स्वतःच करून ठेवलं होतं. शेवटी नावं येताना फसलेले प्रयत्न दाखवत. पडलेला जॅकी, धावत येणारी माणसं, पुन्हा उभा राहणारा जॅकी. चाचा ते बघायला मुद्दाम जागे राहत.

पण मला सगळ्यात जवळचा चित्रपट म्हणजे १९७८ चा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा, लाउ कार-लिउंगने दिग्दर्शित केलेला, गॉर्डन लिऊ नायक. त्यात मारामारी आहे, सूडही आहे, पण मधला मोठा भाग नुसता शिकण्याचा आहे. मठात पस्तीस दालनं, प्रत्येकात एकच गोष्ट शिकायची. दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडाला सुऱ्या बांधलेल्या, म्हणजे हात खाली आला की टोक बरगडीत. लांब दांड्याच्या एका टोकाला जड वजन, दुसरं टोक हातात, त्याने घंटा वाजवायची, का तर मनगट घडावं म्हणून. नायक पडतो, उपाशी राहतो, पुन्हा करतो. कुणी त्याला भाषण देत नाही. दिग्दर्शकाचे वडील लाम साय-विंगचे शिष्य, आणि हा लाम वाँग फेई-हुंगचा शिष्य. वाँग फेई-हुंग म्हणजे ‘ड्रंकन मास्टर’मध्ये जॅकीने ज्याचं तरुणपण रंगवलं तो खराखुरा गुरू. ही परंपरा मला फार नंतर कळली, पण पडद्यावरचं शिकवणं कुणी मनाने रचलेलं नाही, हे त्या वयातही जाणवत होतं.

आता आमच्या पी.टी.च्या सरांकडे येतो. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या आमराईत आमच्या लाथा सुरू झाल्या होत्या. कुणाचा ओठ फुटला, कुणाच्या हाताला लचक, आणि प्रकरण सरांपर्यंत गेलं. आता छड्या, या तयारीने आम्ही उभे राहिलो. सरांनी विचारलं, “काय बघता रे तुम्ही रात्री? मला दाखवा.”

शनिवारी रात्री सर चाचांच्या पडवीत आले. चाचांनी त्यांना आरामखुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली आणि आमच्यात चटईवर बसले. ‘ड्रंकन मास्टर’ लावली होती. त्यात गुरू जॅकीला उलटं टांगतो. खालच्या बादलीतलं पाणी इवल्या पेल्यांनी घ्यायचं, लटकल्या लटकल्या उठायचं आणि वरच्या बादलीत ओतायचं. सर पुढे सरकले. म्हणाले, “मागे घे.” पुन्हा बघितलं. “आणखी एकदा. पोट बघा त्याचं. झोका नाही घेत, पोटाच्या जोरावर उठतोय. हे आपल्याकडे आहे, बाळांनो. सोमवारी लवकर या.”

सोमवारी त्यांनी व्यायामशाळेच्या अडगळीतून मलखांब बाहेर काढून ठेवला होता. सागाचा, धुळीने माखलेला. आम्हीच तो पुसला, खड्डा खणून रोवला, एरंडेल चोळलं. पेशव्यांच्या काळातले बाळंभटदादा देवधर, दुसऱ्या बाजीरावाचे गुरू, यांनी मलखांब कसा रुजवला हे सरांनी तिथेच सांगितलं. मग अढी, तेढी, दसरंग हे मलखांबावरचे प्रकार. लाथ मारायला एक आठवडा पुरतो, पण नीट अढी मारायला किती काळ जातो ते ज्याने केलं आहे त्यालाच ठाऊक. मांड्या सोलवटून निघायच्या. तक्रार कुणी केली नाही, कारण सुऱ्या बांधून पाणी वाहणारा तो भिक्षू आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. झाडांना पाणी घालायची पाळी आली की मुलं विहिरीवरून कळशा आणताना हात आडवे ताणून यायची. सर हसायचे नाहीत, कोपर वाकलं तर मात्र सांगायचे.

त्या कॅसेटींचं आयुष्य फार नव्हतं. पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी धरायची आणि मग व्हीसीआरचं हेड साफ करत बसावं लागे. कॉपीवरून कॉपी केलेल्या, त्यामुळे रंग उडालेले. इंग्रजी आवाज ओठांशी जुळत नसे. पण एक गोष्ट मला अजून हलवते. चित्रपट चालता चालता एकाएकी पडद्यावर मुंग्या, म्हणजे काळे-पांढरे ठिपके, यायला लागल्या की आम्ही सावरून बसायचो. आता भारी मारामारी येणार! आमच्याआधी ज्यांनी ज्यांनी ती कॅसेट नेली होती, त्यांनीही नेमकी तीच जागा पुन्हा पुन्हा मागे घेऊन टेप झिजवली होती. कुठल्या वाडीतली मुलं असतील कोण जाणे, पण त्यांना काय आवडलं ते टेपवर उमटलेलं होतं.

नंतर व्हीसीडी आल्या, एक चित्रपट दोन चकत्यांत, मधेच उठून बदलायच्या. मग २००२ च्या सुमारास शॉ ब्रदर्सचे चित्रपट स्वच्छ करून डीव्हीडीवर येऊ लागले. तेव्हा मी डोंबिवलीत नोकरीला होतो. पहिली डीव्हीडी लावली आणि थक्क झालो. मूळ चित्र एवढं रुंद होतं! कॅसेटवर टीव्हीच्या चौकटीत बसवण्यासाठी दोन्ही बाजू कापल्या होत्या, त्यामुळे कित्येक हाणामाऱ्यांत प्रतिस्पर्धी चौकटीबाहेरच राहिला होता. हवेतून यायचा तो भाला नेमका कोण फेकत होतं ते इतक्या वर्षांनी दिसलं. मी ती रात्रभर बघत बसलो.

गेली बरीच वर्षं मी संध्याकाळी मुलांना मलखांब शिकवतो. मुलांच्या मोबाइलवर मारामारीचे हवे तेवढे तुकडे येतात, बोटाने सरकवले की दुसरा. उडी दिसते. ती येण्याआधी माणसाने काय सोसलं ते त्या तुकड्यात मावत नाही. म्हणून वर्षातून एकदा मी त्यांना तो शाओलिनचा चित्रपट अथपासून इतिपर्यंत दाखवतो. शेवटी नायक छत्तिसावं दालन मागतो, मठाबाहेरच्या सामान्य माणसांना शिकवण्यासाठी, आणि ते उभारतो. आमच्या चाचांच्या पडवीला मी त्या दालनांतच धरतो. सर आणि चाचा दोघेही आज नाहीत. त्यांचे ऋण इथे जाहीरपणे मान्य करतो.

शाळेच्या नव्या सभागृहात मोठा पडदा बसवल्याचं कळलं. या चित्रपटाची डीव्हीडी मी शाळेला भेट देत आहे. क्रीडाशिक्षकांना विनंती, एखाद्या शनिवारी आठवी-नववीच्या मुलामुलींना तो दाखवावा, दुसऱ्या दिवशी मलखांब रोवायला मी स्वतः येईन. रिमोट मात्र मुलांच्या हातात द्यावा.