आमची वाटचाल: पायडल काढलं तेव्हापासून

भोसरीत भाड्याच्या गाळ्यात २ पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणारी, वाकवणारी मशिनं) आम्ही सुरुवात केली. ब्रॅकेट, वॉशर, क्लिपा, सगळं जॉबवर्क. पुढे मशिनं वाढली, रात्रपाळी सुरू झाली आणि एका रात्री एका मुलाची दोन बोटं डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात गेली. रिपोर्टमध्ये मीच लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. दवाखान्यात त्याचे वडील एवढंच म्हणाले, "साहेब, पोरगं निष्काळजी असतं तर तुम्ही त्याला रात्रीचं मशीन दिलं असतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर एर्गोनॉमिक्स, म्हणजे मशीन आणि काम माणसाला साजेसं कसं करायचं, ते शिकवणाऱ्या एका मॅडमना बोलावलं. त्यांनी १९४३ मधली गोष्ट सांगितली. अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यावर पायलट फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) चाकंच वर घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही कळा शेजारी आणि सारख्याच! चाकाच्या कळीला त्याने छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. हाताला फरक कळू लागला.

मॅडम दोन दिवस आमच्या प्रेसशेजारी स्टुलावर बसल्या. पीस मध्येच डायमध्ये अडकायचा. काढायला हात आत जाई, तेव्हा पाय प्रेस चालवायच्या पायडलवरच असे. पाय दर वेळी उचलून ठेवला तर नगावरचा रेट बुडतो. रेट मीच ठरवला होता.

पायडल काढलं, दोन हातांची बटनं लावली. आमचे जुने प्रेस पिन क्लचचे. एकदा स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा एक फटका, सुटला की मध्ये थांबतच नाही. म्हणून कर्ज काढून एकेक मशीन हवेच्या दाबावर चालणाऱ्या, मध्येच थांबवता येणाऱ्या न्यूमॅटिक क्लचवर नेलं. तरी महिन्याभरात एका बटनात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला सापडला, म्हणजे ते दाबलेलंच राहील आणि एका हाताने काम भागेल. ओरडणारच होतो, पण आधी विचारलं. "शेठ, बटनं खांद्याएवढी वर आहेत. दुपारपर्यंत हात भरून येतात." बटनं कोपराच्या उंचीवर आणली. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच प्रेस चालेल, असं सर्किट बसवलं. नगावरचा रेट बंद करून पगार बांधून दिला. त्यानंतर ट्यूब दिसली नाही.

बोटं गेलेला तो मुलगा आज आमची टूलरूम, म्हणजे डाय बनवायची-दुरुस्त करायची खोली, सांभाळतो. नवी डाय आली की पहिले १०० स्ट्रोक तो स्वतः उभा राहून बघतो आणि पीस जिथे अडकतो तिथे खडूने खूण करतो. ती अडचण दुरुस्त होऊन खूण निघेपर्यंत ती डाय प्रॉडक्शनला जात नाही.