४ किलोमीटरला अडीच तास?

सोसायटीत, ऑफिसात, माहेरी, सगळीकडे हाच प्रश्न. रविवारी तुम्ही सासरे-सून त्या कुत्र्याला घेऊन उजाडायच्या आत निघता, चालता जेमतेम ४ किलोमीटर, तरी अडीच तास कसे लागतात, करता तरी काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे मातोरीच्या अंगाला कुठेतरी गाडी लावायची आणि शिवारात शिरायचं, बस. निम्मा वेळ तात्या, म्हणजे माझे सासरे, खातात. त्यांची स्वतःची द्राक्षबाग होती, ती विकली त्याला बरीच वर्षं झाली पण नजर काही सुटत नाही, आणि आता एप्रिल म्हणजे खरड छाटणी (द्राक्षं उतरल्यावरची छाटणी) चालू, त्यामुळे दिसली बाग की तात्या बांधावर उभे. ओळख ना पाळख, थेट "किती डोळे ठेवले?" (डोळा म्हणजे काडीवरची फुटव्याची जागा.) समोरचापण कात्री खाली ठेवून बोलायलाच लागतो.

मला आधी जाम कंटाळा यायचा. छाटलेली बाग म्हणजे नुसते बोडके वाकडे खुंट, त्यात बघायचं काय? मग त्यांनीच सांगितलं, की आता जी काडी फुटेल तिच्या डोळ्यात याच उन्हाळ्यात घड धरतो, दिसत नाही फक्त, ऑक्टोबरची छाटणी झाली की बाहेर येतो. म्हणजे आपण ज्या उन्हाला शिव्या घालतो त्याच्यावर पुढची द्राक्षं ठरतात. मागच्या रविवारी ताज्या कापातून पाणी ठिपकत होतं आणि आमचा बंड्या बरोबर त्याच्याखाली तोंड वर करून उभा, थेंब कधी नाकावर कधी डोळ्यात, पण हलायला तयार नाही. गेली तिथे दहा मिनिटं.

पुढे कांद्याचं शेत, काढणी चालू, बंड्याला शिंका. तिथून लवकर निघतो.

मग टिटवी. मुरमाड पडीक जमिनीवर खड्यांमध्ये चार अंडी, रंग इतका मातीसारखा की माझा पाय पडलाच असता, पण ती वरून अशी काय किंचाळत बंड्याच्या डोक्यावर झेपावली की तो शेपूट घालून माझ्या पायात. घरात मांजराला दम देणारा हा! तात्यांनी लगेच जागा उंच की सखल ते बघितलं, कारण टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं जुनी माणसं म्हणतात. (मागच्या वर्षीपण हेच बघितलं होतं. पावसाने ऐकलं की नाही ते मात्र सांगत नाहीत.) मला जास्त आवडलं ते दुसरंच, भर उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, गार ठेवायला. आम्ही लांबून वळसा घातला, अजून पंधरा मिनिटं.

शेवटी पाट, म्हणजे गंगापूर धरणाचा डावा कालवा. धरण १९६५ ला पूर्ण झालं तेव्हा तात्या शाळेत होते, ती गोष्ट दर वेळी होते, मीपण दर वेळी ऐकते. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं धरणाचं पाणी, सुटलेलं असेल तर बंड्याचा पट्टा घट्ट धरते, कडा निसरड्या आणि पाण्याला ओढ भयंकर. पाणी बंद असलं की तळातल्या डबक्यात तो पोट टेकवून बसतो आणि उठत नाही. बसू देते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, सगळी भिस्त धापा टाकण्यावर.

घाई फक्त एका गोष्टीची, डांबर तापायच्या आत गाडीपाशी पोचायचं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून बघते, पाच सेकंद मला सोसवलं नाही तर त्याचे पंजे कसे सोसणार, मग त्याला कडेच्या मातीतून नेते. गाडीची मागची सीट चिखलाने भरते ते वेगळंच, त्यावरून घरी काय ऐकावं लागतं ते विचारू नका.

यायचं असेल तर या रविवारी सहाला खाली या. सव्वासहाला नको, तात्या वाटेत हवे तेवढे थांबतात पण निघताना कुणासाठी थांबत नाहीत.