आज महिनाअखेर, म्हणजे टाइमशीटचा दिवस

सेवा देणाऱ्या कंपनीत विकायला असतात ते तास. त्यामुळे ईआरपीने, म्हणजे कंपनीचे हिशेब, कामं आणि बिलं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, नफा वाढतो की नाही, हे टाइमशीटवर, म्हणजे कोणी कोणत्या कामाला किती तास दिले या नोंदीवर ठरतं. समजा, २० जणांनी महिन्यात प्रत्येकी १२ तास भरलेच नाहीत. ताशी १,५०० रुपये दर धरला तर ३,६०,००० रुपयांचं बिल निघतच नाही. पगार मात्र पुरा जातो. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. हौसेने चारशे प्रोजेक्ट कोड करून ठेवतात, मग कंटाळून सगळे 'इतर'मध्ये तास ढकलतात! टाइमशीट रोज भरायची, सोमवारी मॅनेजरने मंजूर करायची, बिल फक्त मंजूर तासांवरून काढायचं. घाई नको. जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंदवलेलं बिल २४ तासांतच रद्द करता येतं, नंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वजा करणारी नोंद) काढत बसा.