जिप्सीचे मंद दिवे आणि हरवलेले दोन व्होल्ट

गेल्या जानेवारीतल्या एका रात्री आळेफाट्याहून ओतूरकडे येताना आमची १९९८ सालची मारुती जिप्सी उसाच्या ट्रॉलीवर आदळता आदळता राहिली. गळिताचा हंगाम सुरू असला की जुन्नर तालुक्यातल्या रस्त्यांवर हे दृश्य रोजचेच असते: एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही बाजूंना बाहेर झुकलेला ऊस, आणि मागे ना लाल दिवा ना परावर्तक पट्टी. त्या रात्री एका ट्रॉलीचे चाक पंक्चर झाल्याने ती डाव्या कडेला अर्धी रस्त्यावर उभी होती आणि इशारा म्हणून तिच्यामागे फक्त चार दगड मांडून ठेवलेले होते. माझा वेग पन्नासच्या आसपास होता. दगड दिसले तेव्हा अंतर फार तर पंचवीस-तीस मीटर उरले होते. पन्नासच्या वेगात डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच वीस मीटर निघून जातात आणि पुढे कोरड्या डांबरावर गाडी पूर्ण थांबायला आणखी पंधरा-सोळा मीटर लागतात. समोरून कोणी येत नव्हते म्हणून स्टिअरिंग उजवीकडे वळवता आले. शेजारी बसलेले आबा घरी पोचेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र ते म्हणाले, "उजेड पहिल्यापासून एवढाच आहे. आम्ही मालशेज घाट याच दिव्यांवर चढलोय." त्यांचे म्हणणे मी तेव्हा खोडून काढले नाही, पण त्यात दोन गोष्टी सुटत होत्या. एक म्हणजे उजेड पहिल्याइतका उरलेला नव्हता. दुसरी गोष्ट डोळ्यांची होती. वयानुसार बाहुली लहान होत जाते, डोळ्यातले भिंग पिवळसर होते, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आबा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि पहाटे भाजी घेऊन बाजाराला अजूनही स्वतःच गाडी चालवत जातात. त्यामुळे दिवे सुधारणे ही माझ्यासाठी हौसेची बाब राहिली नव्हती.

त्याआधीही एकदा हे काम मी करून पाहिले होते आणि ते चुकीचे केले होते. तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सल्ल्यावरून मूळचे ६०/५५ वॅटचे (अप्परला म्हणजे लांबच्या झोताला ६०, डिपरला म्हणजे खाली वळवलेल्या झोताला ५५) बल्ब काढून १००/९० वॅटचे बसवले होते. पहिले काही दिवस उजेड वाढल्यासारखा वाटला. पावसाळ्यात एके रात्री बॉनेटमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला आणि उघडून पाहिले तर डाव्या बल्बचा होल्डर वितळून बल्बच्या पायांना चिकटलेला होता. हिशेब तेव्हाच करायला हवा होता. ५५ वॅटचा दिवा बारा व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, तर ९० वॅटचा साडेसात अँपिअर. तारा त्याच, बटणाचे संपर्कबिंदूही पंचवीस वर्षांपूर्वीचेच, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. शिवाय प्रवाह वाढला की त्याच तारेत अधिक व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे मोठ्या बल्बला त्याचा पूर्ण हक्क कधी मिळतच नाही. तेव्हा मी मूळ वॅटचे बल्ब परत लावले आणि विषय सोडून दिला. ट्रॉलीच्या त्या रात्रीनंतर तो सोडून देणे शक्य नव्हते.

या वेळी नारायणगावच्या एका अनुभवी वायरमन काकांकडे गेलो. त्यांनी बल्बला हात लावण्याआधी मल्टिमीटर काढला. इंजिन चालू ठेवून, डिपरवर दिवे लावून त्यांनी आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजले: १३.८ व्होल्ट. मग तारा न काढता बल्बच्या मागच्या पायांवर मोजले: ११.९. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच हरवलेले होते. ही मोजणी दिवा पेटलेला असतानाच करावी लागते, हे येथे मुद्दाम सांगतो. प्रवाह वाहत नसेल तर तारेत घट होत नाही, त्यामुळे बल्ब काढून मोकळ्या होल्डरवर मोजले तर आकडा पूर्ण दिसतो आणि माणूस फसतो.

दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही, तो त्याहून कितीतरी वेगाने घटतो. ढोबळ मानाने हे नाते ३.४ व्या घाताचे आहे. व्होल्ट दहा टक्क्यांनी उतरले की उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. आमच्या गाडीतल्या एच-४ जातीच्या, म्हणजे अप्पर आणि डिपर अशी दोन फिलामेंट असलेल्या बल्बची प्रमाणित चाचणी १३.२ व्होल्टवर होते आणि त्या वेळी त्याने डिपरला साधारण १,००० आणि अप्परला १,६५० ल्युमेन (उजेड मोजायचे एकक) द्यावेत अशी अपेक्षा असते. ११.९ व्होल्टवर त्याच बल्बचा डिपर ७०० ल्युमेनच्या आसपास येतो. आमच्या गाडीत चांगल्या कंपनीचा, निर्दोष बल्ब होता आणि तरीही त्याच्या उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा रस्त्यावर पोचत नव्हता. अर्धवट तापलेली तार अधिक पिवळा, तांबूस प्रकाश देते आणि जुन्या गाड्यांच्या दिव्यांना दुरून जो मेणबत्तीसारखा रंग दिसतो तो यामुळेच.

व्होल्ट जातात कुठे, हे काकांनी टप्प्याटप्प्याने दाखवले. जुन्या गाडीत दिव्याचा संपूर्ण प्रवाह स्टिअरिंगजवळच्या बटणातून जातो. बॅटरीपासून फ्यूजपेटी, तिथून दिवा, तिथून डॅशबोर्डखालचे बटण, आणि मग बॉडीचा अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी जोडणी, अशी ती लांब फेरी असते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०१७५ ओहम असतो. पाच मीटर वाट आणि दोन्ही दिव्यांचे मिळून नऊ अँपिअर धरले तर निव्वळ तारेतच पाऊण व्होल्ट जातो. उरलेला सव्वा व्होल्ट काळवंडलेल्या जोडांत, फ्यूजच्या सैल पकडीत, बटणाच्या झिजलेल्या संपर्कांत आणि गंजलेल्या अर्थमध्ये जातो.

यावरचा उपाय जुना आणि सिद्ध आहे: रिले, म्हणजे थोड्याशा प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विजेवरचे बटण. दिव्याला बॅटरीपासून थेट, जाड आणि आखूड तार द्यायची आणि त्या वाटेवर रिले बसवायचा. डॅशबोर्डवरचे बटण फक्त रिलेला चालू-बंद करते. त्यातून जेमतेम पाव अँपिअरही जात नाही, त्यामुळे बटणाचे आयुष्यही वाढते. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले लागतात. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात: ३० वर बॅटरीची तार फ्यूजमधून येते, ८७ वरून ती दिव्याकडे जाते, ८५ आणि ८६ हे आतल्या कॉइलचे पाय. आम्ही २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच बसवला, कारण फ्यूजच्या अलीकडे तार घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारे कोणीच नसते. तीच जाडी अर्थच्या तारेलाही दिली. बहुतेक लोक येथे कंजूषी करतात, आणि मग अर्धा व्होल्ट पुन्हा परतीच्या वाटेवर गळतो.

बाजारात तयार मिळणारा हार्नेस, म्हणजे रिलेसकट तारांचा जुडगा, काकांनी आधी जोडून पाहिला तेव्हा रिले वाजलाच नाही. त्यांनी दिवे बंद करून, बल्ब लावलेला ठेवून, मूळ होल्डरच्या तिन्ही पायांवर मीटर लावला. तिन्हींवर बारा व्होल्ट! "ही जपानी वायरिंग आहे दादा, बटण अर्थच्या बाजूला आहे," ते म्हणाले. म्हणजे आमच्या जिप्सीत बल्बला धन बाजू कायम मिळत असते आणि बटण त्याची ऋण बाजू बॉडीला जोडते. तयार हार्नेस मात्र बटणाकडून धन बाजू येईल आणि कॉइलचे दुसरे टोक अर्थला असेल असे गृहीत धरून बनवलेला असतो. उपाय साधा निघाला. कॉइलचे अर्थला जाणारे टोक तिथून काढून मूळ होल्डरच्या धन पायाला जोडले आणि दुसरे टोक डिपरच्या पायाला, तसेच दुसऱ्या रिलेचे अप्परच्या पायाला. लगेच 'टक्' असा आवाज आला. ज्यांच्याकडे सुझुकीच्या घराण्यातली जुनी गाडी आहे त्यांनी हार्नेस विकत घेण्याआधी ही तपासणी करावी, कारण याच ठिकाणी "या गाडीला रिले चालत नाही" असे सांगून अनेकांना परत पाठवले जाते.

काम झाल्यावर बल्बच्या पायांवर १३.५ व्होल्ट आले. हिशेबाने डिपर ७०० वरून १,०८० ल्युमेनच्या आसपास गेला, म्हणजे त्याच वॅटच्या बल्बातून दीडपट उजेड. याची किंमतही आहे, आणि ती लपवू नये: वाढलेल्या व्होल्टवर फिलामेंटचे आयुष्य घटते. एवढ्या उजेडासाठी बल्ब थोडा लवकर बदलावा लागला तर माझी हरकत नाही.

तारांचे काम पुरे झाल्यावर दिव्याकडे वळलो. जिप्सीचे सात इंची गोल दिवे ही एक मोठी सोय आहे. हा आकार अमेरिकेत १९४० पासून मोटारींसाठी ठरून गेला आणि जीप, अँबॅसडर, पद्मिनी अशा कितीतरी गाड्यांत पुढे चालत राहिला, त्यामुळे आजही नवा दिवा सहज मिळतो. आमच्या दोन्ही दिव्यांचे रिफ्लेक्टर धुरकट झाले होते आणि उजव्याच्या काचेत पाण्याचे डाग होते. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो पितळी भांड्यांच्या पॉलिशने घासायला गेले की थरच निघून जातो, म्हणून तो प्रयत्न कोणी करू नये. आम्ही काचेचे नवे दिवे घेतले.

दिवा विकत घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. डिपरचा झोत वरून सपाट कापलेला असतो आणि एका बाजूला पंधरा अंशांनी वर उचललेला असतो, म्हणजे कडेचा माणूस, दगड, पाटी दिसावी. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून ही उचल डावीकडे हवी. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला दिवा येथे लावला तर तीच उचल समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाते. आंतरराष्ट्रीय 'ई' खूण असलेल्या, फक्त डाव्या वाहतुकीसाठीच्या दिव्याच्या काचेवर एक आडवा बाण असतो, जो समोर उभे राहून पाहणाऱ्याच्या उजवीकडे रोखलेला दिसतो. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दिवा दोन्हीकडे चालतो. बाणच नसेल तर तो दिवा आपल्या रस्त्यांसाठी नाही.

एलईडी बल्ब का लावले नाहीत, असे मला आतापर्यंत अनेकांनी विचारले. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि खाली रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा सगळा घाट त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेभोवती आखलेला असतो. त्या जागी दोन बाजूंना चिकटवलेल्या चकत्यांचा एलईडी बल्ब घातला की बहुतेक वेळा झोत विस्कटतो. चालकाला गाडीसमोरचा पांढरा लख्ख पट्टा पाहून समाधान वाटते, पण लांबचे काही दिसत नाही आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. ओतूरहून रात्री कल्याणला जाणाऱ्या कोणत्याही ट्रकचालकाला विचारा, तो यावर किती चिडलेला आहे ते कळेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि आमच्यासारख्या पंधरा वर्षांवरच्या गाडीला पुनर्नोंदणीसाठी आरटीओसमोर उभे राहावेच लागते. मूळ वॅटचा बल्ब आणि मूळ पद्धतीचा दिवा ठेवण्यामागे तेही एक कारण होते, पण मुख्य कारण समोरून येणाऱ्याचे डोळे हेच होते.

शेवटचे काम झोत लावण्याचे. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीसमोर सपाट जागा आहे. चाकांत योग्य हवा भरून, टाकी अर्धी ठेवून, आबांना चालकाच्या जागेवर बसवून गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि तिच्याखाली पाच सेंटिमीटरवर दुसरी. डिपरची वरची कड या दुसऱ्या रेघेवर आणायची, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार मिळतो. एका दिव्यावर पोते टाकून दुसरा लावला, मग उलट. स्क्रू गंजलेले असल्याने या कामाला तारांपेक्षा जास्त वेळ लागला. पण उजेड वाढवून झोत न लावणे म्हणजे आपला धोका उचलून समोरच्याच्या माथी मारणे आहे, असे मला मनापासून वाटते.

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्याने, त्याच वेगाने आलो. डाव्या कडेचा मैलाचा दगड आता डिपरवर साठ मीटरवरून वाचता येतो. पहाटे आबा एकटे निघाले तेव्हा त्यांनी परत आल्यावर फक्त एवढेच सांगितले, की समोरून येणाऱ्या एकाही गाडीने दिवे लुकलुकवून त्यांना डिपर मारला नाही. गाडीच्या खणात मी आता एक जादा रिले, दोन फ्यूज आणि कापडात गुंडाळलेला एक एच-४ बल्ब ठेवलेला आहे. बल्बच्या काचेला बोट लागू नये असे त्या कापडावर पेनाने लिहिले आहे, कारण बोटाच्या तेलकटपणाने ती काच तापून फुटते आणि रात्री घाटात बल्ब बदलणारा मी असेन की आबा, हे आधी सांगता येत नाही.