माझा अनुभव : अकरा माणसांचे बायोडाटा आणि एक निविदा

पुण्यातील एका लहान सामाजिक संशोधन सल्लागार संस्थेत मी तीन वर्षांपासून काम करते. एका शासकीय विभागाने आदिवासीबहुल तालुक्यांतील माता आणि बालकांच्या पोषण कार्यक्रमाचे मूल्यमापन करण्यासाठी निविदा काढली, तेव्हा तांत्रिक प्रस्तावातील ‘चमूची शैक्षणिक व व्यावसायिक पार्श्वभूमी’ हा भाग तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. अकरा जणांचे बायोडाटा एकत्र करायचे, ठरावीक नमुन्यात बसवायचे, प्रत्येक दाव्याला कागद जोडायचा आणि सह्या घ्यायच्या, एवढेच ते काम असेल अशी माझी समजूत होती. त्यासाठी सोळा दिवस हाताशी होते आणि ते सर्व दिवस त्यातच गेले. आमच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव येथे लिहीत आहे.

निवड गुणवत्ता आणि खर्च या दोन्हींच्या आधारे व्हायची होती. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतही ही पद्धत आहे, आणि तांत्रिक गुणांचा भार ८० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे त्यांत म्हटले आहे. आमच्या निविदेत तो ७० टक्के होता आणि उरलेले ३० टक्के आर्थिक प्रस्तावाला होते. तांत्रिक १०० गुणांपैकी ४० गुण चमूला होते, आणि ते चारच पदांवर वाटलेले होते : चमूप्रमुख, संख्याशास्त्रज्ञ, पोषणतज्ज्ञ आणि गुणात्मक संशोधक. प्रत्येक पदासाठी पदवी, पदवीनंतरच्या अनुभवाची वर्षे आणि तशाच स्वरूपाच्या कामांची संख्या मोजली जाणार होती. चमूप्रमुखाकडे पीएच. डी. असल्यास तीन गुण अधिक होते. क्षेत्र व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि प्रत्यक्ष घरोघरी जाणारे अन्वेषक यांच्यासाठी ‘पुरेसे मनुष्यबळ असावे’ एवढे एकच वाक्य होते.

आमच्या संस्थेच्या आणि या चमूच्याही प्रमुख, ज्यांना आम्ही ताई म्हणतो, कर्वे समाज सेवा संस्थेतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आहेत आणि बावीस वर्षे याच क्षेत्रात आहेत. संख्याशास्त्रज्ञ सहकारी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकलेले आहेत. देशातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा १९९२-९३च्या पहिल्या फेरीपासून ज्या संस्थेकडे राहिली, तीच ही संस्था. गुणात्मक संशोधन पाहणारी मैत्रीण टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरात शिकली आहे. आमच्या पोषणतज्ज्ञ गृहविज्ञान शाखेच्या आहेत. या चौघांचे बायोडाटा चार दिवसांत तयार झाले, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्रे होती, कार्यारंभ आदेशांच्या प्रती होत्या आणि आपले काम दोन ओळींत कसे मांडावे, हे त्यांना ठाऊक होते. अडचण आली ती उरलेल्या सात जणांच्या बाबतीत.

क्षेत्र व्यवस्थापक दादांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी. ए. केले आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते एका क्षेत्रीय संस्थेमार्फत पर्यवेक्षक होते आणि त्याआधी सात-आठ सर्वेक्षणांत अन्वेषक होते. यातील एकाही कामाचे अनुभव प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. सर्वेक्षणासाठी माणसे तीन-चार महिन्यांसाठी घेतली जातात, दिवसाच्या भत्त्यावर काम होते आणि काम संपले की संबंध संपतो. त्यांना ज्या संस्थेने घेतले होते, ती आता बंद झाली आहे. दादांनी जुन्या पिशवीतून प्रशिक्षणाच्या वेळचे ओळखपत्र, एसटीची काही तिकिटे आणि पासबुकातील जमा रकमांच्या नोंदी काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि विचारले, “ताई, यातलं काही चालेल का?” मी त्या नोंदींवरून वर्षे आणि महिने जुळवले. दोन कामांच्या तारखा एकमेकींवर येत होत्या, कारण एका कामाचे मानधन पाच महिने उशिरा जमा झाले होते. सुमारे पंधरा वर्षांच्या अनुभवापैकी कागदाने सिद्ध होईल असा अनुभव सहा वर्षांचाच भरला, आणि आम्ही सहाच वर्षे लिहिली.

आमच्याकडे एक निवृत्त परिचारिका आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी तीन दशके नोकरी केली. त्यांच्या लग्नापूर्वीच्या आणि नंतरच्या नावांत फरक असल्याने राजपत्रातील नावबदलाची प्रत शोधावी लागली, आणि ती सापडेपर्यंत तीन दिवस गेले. अहवाल लिहिणारे सहकारी पूर्वी जिल्हा दैनिकात वार्ताहर होते, आणि त्यांच्या नेमणुकीचे पत्रच कधी दिले गेले नव्हते. माझी स्वतःची चार वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवण्यात गेली आहेत. ती ‘पूर्णवेळ अनुभव’ या रकान्यात बसत नव्हती, म्हणून मी तो रकाना रिकामा सोडला.

आणि एक अन्वेषिका होती, मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली. तिने डी. एड. केले आहे, शिक्षकभरती न झाल्याने ती सर्वेक्षणाच्या कामाकडे वळली. डी. एड. करून सर्वेक्षणात आलेली मुले-मुली आमच्या क्षेत्रात पावलोपावली भेटतात, आणि वेळापत्रक पाळणे, अक्षर नेटके असणे, लहान मुलांशी बोलता येणे या त्यांच्या गुणांवर आमचे निम्मे काम उभे असते. तिची मातृभाषा कोरकू आहे. दूरध्वनीवरून माहिती विचारताना मी ‘भाषा’ या रकान्याशी आले, तेव्हा तिने मराठी, हिंदी आणि थोडी इंग्रजी एवढ्याच भाषा सांगितल्या. कोरकूचे काय, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, “ती पण लिहायची असते का, ताई?”

त्या प्रश्नानंतर हे काम मला वेगळे दिसू लागले.

मुलाची उंची वयाच्या मानाने कमी आहे की नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या वाढ-मानकांवरून ठरते, आणि त्यासाठी वय महिन्यांत नेमके माहीत असावे लागते. जन्मदाखला किंवा माता व बाल संरक्षण कार्ड नसेल, तर आईच्या आठवणीवर भिस्त राहते. मेळघाटात ही आठवण इंग्रजी महिन्यांत विचारली तर हाती फारसे काही लागत नाही. कामासाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला गावी परततात, त्यामुळे ‘होळीच्या आधी की नंतर’, ‘सोयाबीन काढताना पोटात होतं की कडेवर’ असे विचारत विचारत महिना ठरवावा लागतो. हे आईच्या भाषेत विचारणारी व्यक्ती नसेल, तर वयात दोन-तीन महिन्यांची चूक सहज होते आणि खुजे नसलेले मूल खुजे ठरते, किंवा खुजे असलेले मूल आकडेवारीतून सुटून जाते. सिस्टरांचेही तसेच आहे. दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून मोजायची आणि त्यापुढच्या मुलाची उंची उभे करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. फळीवर ठेवलेले रडणारे मूल, त्याचे वाकलेले गुडघे आणि शेजारी काळजीत उभी असलेली आई, अशा स्थितीत ते माप अचूक घेण्याचे कसब सिस्टरांच्या हातात आहे. निविदेच्या तक्त्यात मात्र त्यांची अर्हता ‘परिचारिका, निवृत्त’ एवढ्या दोन शब्दांत संपत होती.

निविदापूर्व बैठकीच्या आधी आम्ही लेखी प्रश्न पाठवला : क्षेत्रीय चमूचा स्थानिक भाषेचा आणि मोजमापाचा अनुभव गुणांकनात धरला जाईल का? शुद्धिपत्रकात उत्तर आले, ‘निविदेतील अटी कायम’. ताईंनी ते वाचले आणि सांगितले की गुण मिळोत वा न मिळोत, ही माणसे प्रस्तावात दिसली पाहिजेत. तेव्हा मी सात जणांची पार्श्वभूमी चमूच्या तक्त्यातून काढून कार्यपद्धतीच्या प्रकरणात घेतली. वय कसे ठरवणार याच्या परिच्छेदात अन्वेषिकेचा अनुभव आला, मोजमापाच्या परिच्छेदात सिस्टरांचा आणि पुनर्तपासणीच्या परिच्छेदात दादांचा. पद्धत आणि ती राबवणारी व्यक्ती एकाच ठिकाणी आल्यामुळे ते प्रकरण आम्ही आजवर लिहिलेल्या प्रकरणांत सर्वांत स्पष्ट झाले, असे मला मनापासून वाटते.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट जाणवली. वेगवेगळ्या विद्याशाखांची माणसे एकत्र असण्याचे महत्त्व प्रत्येक संस्था आपल्या परिचयात सांगते; आम्हीही सांगत होतो. ते नेमके कशात असते, हे दाखवण्यासाठी मी आमच्या एका जुन्या कामातील घरच्या प्रसूतींचा तक्ता पुन्हा काढला. संख्याशास्त्रज्ञांनी त्यात सर्वप्रथम पाहिले होते ते हे, की घरच्या प्रसूती एकाच आरोग्य केंद्राच्या गावांत एकवटल्या आहेत. सिस्टरांनी विचारले होते की त्या गावांना पावसाळ्यात रुग्णवाहिका पोहोचते का. तुळजापूरच्या मैत्रिणीने लक्षात आणून दिले होते की पहिल्या बाळंतपणासाठी मुली माहेरी जातात, म्हणून सासरच्या घरी विचारलेल्या प्रश्नांत त्या सापडतच नाहीत. माजी वार्ताहराने केंद्रावर जाऊन नोंदवहीच मागितली होती. चौघांपैकी एक जण नसता, तर अहवालातील त्या प्रकरणाचा निष्कर्ष वेगळा आणि चुकीचा निघाला असता. हा प्रसंग मी प्रस्तावात दहा ओळींत लिहिला.

शेवटच्या आठवड्यात ज्या गोष्टीने मला सर्वांत अस्वस्थ केले, ती येथे सांगणे आवश्यक आहे. ताईंकडे पीएच. डी. नाही. एका परिचिताने सुचवले की एका निवृत्त प्राध्यापकांचा बायोडाटा चमूप्रमुख म्हणून जोडावा; त्यांची सही मिळेल, काम आपणच करावे आणि कार्यादेश आल्यावर ‘अपरिहार्य कारणास्तव’ बदल कळवावा. सगळेच असे करतात, असेही त्यांनी सांगितले. बायोडाटाच्या नमुन्यात शेवटी हमी असते की वरील माहिती खरी आहे आणि काम मिळाल्यास मी उपलब्ध असेन. ताई म्हणाल्या, “लोकांच्या दारात जाऊन खरं सांगा म्हणायचं आणि आपला पहिलाच कागद खोटा द्यायचा, हे व्हायचं नाही.” तो विषय तेथेच मिटला. तीन गुण जाणार, हे आम्हाला माहीत होते.

सह्या घेण्याचे काम कंटाळवाणे होते, पण त्यातही एक दक्षता घ्यावी असे मी सुचवेन. बायोडाटासोबत आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती सर्रास मागवल्या जातात आणि त्या वर्षानुवर्षे कोणाच्या तरी संगणकात पडून राहतात. ज्या निविदेत त्या मागितलेल्या नाहीत, तेथे जोडू नयेत; मागितल्या असतील तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी आणि कोणत्या कामासाठी दिली ते प्रतीवरच लिहावे. आमच्या प्रत्येक सहकाऱ्याकडून, या निविदेपुरता बायोडाटा वापरण्यास संमती आहे, असे एका ओळीचे पत्रही मी घेतले. धारणीहून अन्वेषिकेने सही केलेली पाने टपालाने पाठवली आणि ती मुदतीच्या दोन दिवस आधी पोहोचली. डिजिटल सही करून प्रस्ताव संकेतस्थळावर चढवला, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

सादरीकरणाला चौघांनाच बोलावले होते. ताईंनी विनंती करून दादांना आणि सिस्टरांना सोबत नेले. समितीतील एका सदस्यांनी वयाच्या अचूकतेविषयी विचारले, तेव्हा ताईंनी उत्तर दादांकडे सोपवले. दादांनी गावपातळीवरची घटनादर्शिका कशी तयार करतात, ते सांगितले : मागील पाच वर्षांतले सण, पूर, निवडणूक, रस्त्याचे काम अशा गोष्टी गावकऱ्यांना विचारून महिन्यांसमोर लिहायच्या आणि मगच पहिल्या घरात जायचे. त्यावर त्या सदस्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले, आणि तिन्ही दादांनाच विचारले.

निकाल तीन आठवड्यांनी आला. आमचे तांत्रिक गुण ८१ होते आणि पहिल्या आलेल्या संस्थेचे ८४. आर्थिक गुण आमचे ९२ होते आणि त्यांचे ८८. भार लावल्यावर त्यांची बेरीज ८५.२ झाली आणि आमची ८४.३. पीएच. डी.च्या तीन गुणांना ७० टक्क्यांचा भार लावला की २.१ होतात. हा हिशेब मी त्या संध्याकाळी कागदावर करून पाहिला आणि ताईंनाही दाखवला. त्यांनी तो वाचला, कागद फाइलमध्ये लावला आणि क्षेत्रकार्य सुरू असलेल्या दुसऱ्या कामाविषयी बोलायला सुरुवात केली.

त्यानंतर आम्ही एक बदल केला आहे. काम कितीही लहान असो, दहा दिवसांचे असो, ते संपताना प्रत्येक अन्वेषकाला आणि पर्यवेक्षकाला संस्थेच्या शीर्षकागदावर अनुभव प्रमाणपत्र दिले जाते. त्यात कालावधी, तालुका, केलेल्या मुलाखतींची संख्या, घेतलेली मोजमापे आणि वापरलेली भाषा यांची नोंद असते. दादांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी ज्यांची कामे आमच्याकडील नोंदींवरून पडताळता आली, अशा चौघांनाही मागील कामांची प्रमाणपत्रे दिली. धारणीच्या अन्वेषिकेने तिच्या बायोडाटाची प्रत मागवून घेतली होती. गेल्या महिन्यात ती दुसऱ्या एका संस्थेत पर्यवेक्षक म्हणून रुजू झाली. निवडीच्या वेळी दिलेला बायोडाटा तिने मलाही पाठवला आहे, आणि त्यात भाषांच्या रकान्यात कोरकू पहिल्या क्रमांकावर आहे.