रेडिएटरमागची छोटी टाकी

बाईकवाल्याचा जीव कशात अडकलेला असतो ते सुट्टीच्या सकाळी बघावं, पेट्रोल टाकी पुसून चकाचक, चेनला लुब, टायरची हवा, आरशावर फुंकर मारून फडकं, सगळं साग्रसंगीत. आणि रेडिएटरमागं नाहीतर सीटखाली कुठंतरी कोंबलेली कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, ती पांढुरकी प्लास्टिकची टाकी, जिच्यावर अप्पर आणि लोअर अशा दोन रेघा असतात, तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. बनवणाऱ्यांनीही ती अशा ठिकाणी बसवलेली असते की मान वाकडी करून मोबाईलचा टॉर्च मारावा लागतो. मला मात्र गाडीतली सगळ्यात बोलकी वस्तू तीच वाटते.

कारण तिची पातळी सारखी हलत असते. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग ते साधारण एक बार दाबाच्या जरा वरपर्यंत दाबून धरते आणि त्यापुढं जास्तीचं कूलंट बारीक नळीतून या टाकीत येतं. गाडी लावली, इंजिन गार पडलं की आत पोकळी होते, मग त्याच झाकणाच्या मधोमध असलेला चिमुकला दुसरा व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. म्हणून लेव्हल बघायची तर गाडी सरळ उभी करून आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्या अवस्थेत, बऱ्याच गाड्यांना ती गार इंजिनवर बघतात. साईड स्टँडवर कललेल्या गाडीची लेव्हल बघून आनंदी किंवा दुःखी होण्यात काही अर्थ नाही.

आता गंमत अशी की झाकणाचं रबर कडक झालं, तो छोटा व्हॉल्व्ह चिकटला, की कूलंट बाहेर तर येतं पण परत आत जात नाही. टाकी काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा! टाकी बघणारा समाधानानं मान डोलावतो आणि गाडी सिग्नलला तापत राहते. मग लोक कूलंट बदलतात, फॅन तपासतात, वॉटर पंपावर संशय घेतात, झाकण मात्र तेच जुनं. माझं तर मत आहे की संशयाची सुरुवात झाकणापासूनच करावी, बदलायला सगळ्यात सोपं तेच आहे.

हा दाब कशाला लागतो? कुकरचंच शास्त्र. उघड्यावर पाणी १०० अंशाला उकळतं, पण दाबाखाली आणि कूलंटमधलं निम्मं ग्लायकॉल मिसळलेलं असेल तर १२० च्या पुढं जाऊनही शांत राहतं. म्हणून तर मीटरवर १०३ दिसलं की काहींना घाम फुटतो त्याला कारण नसतं, बऱ्याच गाड्यांचा फॅनच शंभरच्या आसपास चालू होतो. आणि म्हणूनच गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही, दाब सुटला की आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला की गाडी गार राहते असं सांगणारे हुशार लोक सगळीकडं भेटतात. बाबांनो, इंजिनला गार राहायचंच नसतं, त्याला ठराविक तापमानाला राहायचं असतं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाची गोळी असते, ऐंशीच्या आसपास ते मेण वितळून फुगतं आणि दांडी ढकलून रस्ता उघडतं, ना वायर ना सेन्सर. तोपर्यंत कूलंट रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर तापावं. कायम थंड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली वाफ निघून जात नाही, झीज वाढते. मेणाच्या त्या गोळीला माझा सलाम आहे.

बाकी बाटलीचा रंग बघून कूलंट घेऊ नये, हिरवा-निळा-गुलाबी यात कसलाच एकच नियम नाही. लेबल वाचावं, गाडीच्या कंपनीनं सिलिकेट नसलेलं सांगितलं असेल तर तेच, कारण सिलिकेट पंपाच्या सीलला घासतात. नळाचं पाणी नको, क्षार बसतात, मिसळायचंच असेल तर डिस्टिल्ड. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब यायला लागले तर सील गेलं समजा. भोक बुजवायच्या फंदात पडू नका, थेंब दिसावेत म्हणूनच ते ठेवलंय, नाहीतर कूलंट ऑइलमध्ये गेलं असतं. आणि रेडिएटरच्या नाजूक पत्र्यांवर जवळून प्रेशर वॉशर मारणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

दोन-तीन वर्षांनी, मॅन्युअल म्हणेल तेव्हा, कूलंट बदललं की आत हवा अडकते. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करावं, अधूनमधून थ्रॉटलला हलकी हूल द्यावी, बुडबुडे येत राहतात आणि पातळी टपकन खाली जाते, तसं भरत राहायचं. काढलेलं जुनं कूलंट डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, गॅरेजवाल्याकडं किंवा घातक कचरा घेतात तिथं द्यावं. गटारीत तर नाहीच, पण उघड्या परातीत दहा मिनिटंही ठेवू नये, इथिलिन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्री-मांजरं ते चाटतात, थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या जातात.