तुम्ही विचारलंत म्हणून: नवलकोल चिवट का निघतो?

थंडी पडायला लागली की मला हा प्रश्न हमखास येतो. "मावशी, तुमच्याकडे खाल्ला तो नवलकोल कसला कोवळा होता! आम्ही आणतो त्याचा नुसता चोथा होतो. तुम्ही आणता कुठून आणि करता तरी कसा?" भाचीने विचारलंय, शेजारणींनी विचारलंय, भाजीच्या गाड्यापाशी माझ्या पिशवीकडे बघून अनोळखी बायकांनीसुद्धा विचारलंय. दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगून निघते. म्हणून आज एकदा बसून सांगते.

एका वाक्यातलं उत्तर असं की तुम्ही मोठा घेता.

नवलकोल, म्हणजे मुंबईकडच्यांचा अलकोल, तसा दिसत असला तरी कंद नाही आणि मूळही नाही. मुळी त्याची खाली मातीत असते, बारीकशी. जमिनीच्या वर जो गोळा धरतो तो फुगलेला दांडा आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीची झाडं. शेकडो वर्षं निवडून निवडून माणसाने कुणाची पानं गच्च मिटवली, कुणाचा तुरा जाड केला, याचा दांडा फुगवला. आणि दांडा आहे म्हणून तो वागतोही दांड्यासारखाच. मेथी निवडताना शेंड्याकडचा दांडा आपण भाजीत घेतो आणि बुडाकडचा टाकतो ना, तसंच इथे. वरची बाजू कोवळी, बुडाची आधी जून होणार. दांड्यातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात, वय झालं की त्यांच्या भिंतींत लिग्निन साठतं. लाकूड ज्याने कडक होतं तेच हे द्रव्य. ते शिजत नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या काढा नाहीतर दहा, गर गळून जाईल आणि दोरे जिथल्या तिथे राहतील. म्हणून "जरा जास्त शिजवून बघ" हा सल्ला नवलकोलाच्या बाबतीत कुचकामी आहे.

मग मोठेच का मिळतात? कारण आपल्याकडे तो किलोवर विकला जातो. पाच-सात सेंटिमीटरचा झाला की काढावा, हे शेतकऱ्याला माहीत नसतं असं नाही. पण आणखी आठ-दहा दिवस थांबलं तर वजन चांगलंच वाढतं, आणि गिऱ्हाईकही मोठा, गरगरीत दिसणाराच उचलतं. त्याला तरी काय दोष द्यायचा! जर्मनीत ही भाजी घरोघरी खातात. तिथे ती बहुतेक नगावर विकतात आणि पानांसकट विकतात. तिकडे राहायला गेलेल्या आपल्या मुली फोनवर "इथला नवलकोल काय मस्त असतो" म्हणतात, त्यात थंड हवेचा वाटा मोठा आहेच, पण नगावर विकण्याचाही असणार असं माझं मत.

बाजारात घेताना मी एवढंच बघते. मुठीत मावेल असा हवा. साल तुकतुकीत हवी, भेग नको. पानं असली तर उत्तमच, कारण पानं पहिल्यांदा माना टाकतात आणि माल कधीचा आहे ते भाजीवाल्याच्या आधी सांगतात. म्हणूनच पुष्कळदा ती आधीच तोडलेली असतात. मग नवलकोल उलटा करायचा आणि जिथून कापलाय त्या बुडाशी अंगठ्याचं नख टेकवायचं. नख सहज रुतलं तर घ्यायचा. खडखडीत लागलं तर पुढच्या गाड्यावर जायचं. भाजीवाले चिडतात, चिडू द्यावेत. जांभळ्या सालीचा मिळतो हल्ली मॉलमध्ये, दुप्पट भावाने. साल काढली की आतून तो पांढराच. चवीत मला फरक जाणवलेला नाही.

आता "आणता कुठून" याचं उत्तर: निम्मा हंगाम मी आणतच नाही, मागच्या दारी लावते. तळेगावला घरामागे थोडी जागा आहे आणि इथली थंडी त्याला मानवते. पण गच्चीत, कुंडीतही तो होतो, कोबी-फ्लॉवरपेक्षा कितीतरी कमी कटकटीचा. कोबीला जागा लागते, महिने लागतात. नवलकोल रोप लावल्यापासून पन्नास-साठ दिवसांत ताटात येतो. हात बसला नसेल त्याने थंडीत हाच लावावा.

बी सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत टाकते. बियांच्या दुकानात 'व्हाइट व्हिएन्ना' नावाची जुनी जात अजून मिळते, लवकर येते, फिक्या हिरव्या सालीची. एकदम पाकीट रिकामं करायचं नाही. पंधरा दिवसांनी थोडं, पुन्हा पंधरा दिवसांनी थोडं, असं टाकलं की सगळे एकदम तयार होऊन जून होत बसत नाहीत. बी पाच-सहा दिवसांत उगवतं. ट्रेमध्ये पाणी जास्त झालं तर रोपं बुडातून आडवी पडतात, तेव्हा माती ओलसर ठेवायची, चिखल नाही. चार-पाच पानांवर आलं की वाफ्यात लावायचं, दोन ओळींत फूटभर आणि दोन रोपांत वीतभर अंतर. दाट लावलं तर पानंच पानं होतात, गोळा धरत नाही. कुंडी दहा इंची असेल तर एक रोप, भाजीची पसरट पिशवी असेल तर चार-पाच.

खत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. पण खरं सगळं अवलंबून आहे ते पाण्यावर. नवलकोल भराभर वाढला तरच कोवळा राहतो. मध्येच चार दिवस पाणी विसरलात की तो वाढ थांबवून कडक होतो, आणि मग एकदम भरपूर पाणी दिलंत की उभा तडकतो. रोज बोटाने माती चाचपायची, थोडं थोडं द्यायचं. भोवती वाळलेली पानं किंवा गवत पसरलं तर ओल टिकते. गोळा मात्र मातीने झाकायचा नाही. बटाट्याची सवय असलेले लोक हौसेने भर घालतात, ते इथे नको. पानं काढायची तर रोपामागे एखादं, खालचं. गोळा पोसतात ती पानंच.

कीड येते ती कोबीवरचीच. मावा येतो, आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग पानांवर अंडी घालतो, त्याच्या बारीक हिरव्या अळ्या पानाची चाळण करतात. वाफ्याच्या कडेने मोहरी पेरली तर पतंग आधी तिच्याकडे जातो. कोबीच्या शेतात ही सापळा पिकाची युक्ती आपल्याकडे वापरतातच. घरच्यासाठी मी निंबोळीचा अर्क फवारते: पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून त्यात साबणाचं थोडं पाणी घालायचं आणि संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला लागेल असं फवारायचं. वरून फवारून काही होत नाही, अळ्या खाली बसलेल्या असतात.

फेब्रुवारी सरता सरता ऊन चढतं, मग जे असतील ते लहान असले तरी काढून घ्यायचे. उन्हाळ्यात तो सुधारत नाही. अपवाद आहेत. युरोपात काही किलोंचा होऊनही मऊ राहणाऱ्या जाती आहेत, 'सुपरश्मेल्ट्स' म्हणून एक जर्मनांची प्रसिद्ध आहे. पण आपल्या बाजारातल्या मोठ्या नवलकोलाला ते लागू नाही.

सोलणं हा भाग लोक घाईने उरकतात आणि मग भाजीला नावं ठेवतात. बटाट्याचं सालकाढणं इथे उपयोगाचं नाही, ते नुसती वरची साल काढतं. सुरी घ्या. बुडाची चकती बोटाच्या पेराएवढी जाड कापून टाका. मग बुडाच्या बाजूने सालीखाली सुरी सरकवायची आणि अंगठ्याने धरून वरपर्यंत ओढायची, पट्टी सुटून येते. पट्टी काढल्यावर आतल्या अंगावर पांढऱ्या शिरांची जाळी दिसते. ती दिसतेय तोवर अजून सोलायचं. जाळी संपून खाली ओलसर, काचेसारखा पारदर्शक फिका हिरवा गर लागला की थांबायचं. कोवळ्याची साल पातळ जाते, जरा मोठ्याची जाड काढावी लागते. वाया गेल्याचं वाईट वाटून घेऊ नये.

आमच्या घरची रोजची भाजी हरभऱ्याच्या डाळीची. मूठभर डाळ दोन तास भिजवलेली. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरव्या मिरचीचे तुकडे, त्यावर डाळ परतायची आणि मग नवलकोलाच्या लहान चौकोनी फोडी. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची, आत पाणी घालायचं ते अगदी हबका मारून. डाळ बोटाने दबली पण फुटली नाही की मीठ, गुळाचा खडा, ओलं खोबरं, कोथिंबीर. गोडा मसाला घालू नका. नवलकोलाची चव मंद, किंचित गोड, मागून मुळ्याचा ठसका देणारी असते, मसाल्याखाली ती सापडत नाही. मग वांगंच का नाही करायचं?

सासूबाई कारवारकडच्या. त्या यात सोडे घालायच्या. भिजवलेले सोडे, ओलं खोबरं, धने, लाल मिरची यांचं वाटण, जराशी चिंच. फोडी वाटणातलं सगळं पिऊन घेतात. शाकाहारी पाहुणे असले की त्याच वाटणात मटार घालून भागवायच्या, पण स्वतःच्या वाटीत मात्र त्यांना सोडेच लागायचे.

कच्चा खाऊन बघितलाय का? न आवडणाऱ्यांना मी आधी तोच देते. पातळ चकत्या, मीठ, लिंबू, बस्स. किंवा किसून दही, दाण्याचं कूट आणि वरून जिरं-मिरचीची फोडणी अशी कोशिंबीर. मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटून सार होतं. शंभर ग्रॅम कच्च्या नवलकोलात साठ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याहून थोडं जास्तच. शिजवल्यावर त्यातलं बरंच जातं. व्हिएतनाममध्ये त्याच्या पातळ कापा व्हिनेगर-साखरेत मुरवून भाजलेल्या मांसाबरोबर खातात. तेही आपल्या जेवणात लोणच्यासारखं चालून जातं.

आणि पानं! ती टाकणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. काश्मिरात नवलकोलाला मोंज म्हणतात आणि तो पानांसकट शिजवतात. मोहरीचं तेल कडकडीत तापवून, हिंग, सुक्या लाल मिरच्या, बरंचसं पाणी, मीठ. झालं. भातावर तो पातळ रस्सा घ्यायचा. मसाला जवळजवळ नाहीच, म्हणून भाजी ताजी असावीच लागते. मी करते, पण मोहरीच्या तेलाचा वास घरात सगळ्यांना चालत नाही, तेव्हा एरवी पानं बारीक चिरून लसणाच्या फोडणीत परतते किंवा थालीपिठात ढकलते. मधली जाड शीर काढून टाकायची. घरी आणल्या आणल्या पानं कापून वेगळी ठेवा, तशीच राहिली तर गोळ्यातलं पाणी ओढून घेतात. पानं दोन दिवसांत संपवायची, गोळे फ्रीजमध्ये आठवडा-दोन आठवडे छान राहतात.

थायरॉइडचं दरवेळी कुणीतरी विचारतंच. कोबीच्या कुळातल्या सगळ्याच भाज्यांत आयोडीनच्या कामात अडथळा आणू शकणारे घटक असतात, शिजवल्यावर ते कमी होतात. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या माणसाने आठवड्यातून एक-दोनदा शिजवलेली भाजी खाल्ली तर घाबरण्यासारखं काही नाही. गोळ्या चालू असतील आणि रोज कच्चा रस वगैरे पिण्याचा विचार असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

राहता राहिला शेवटचा प्रश्न: एवढं करूनही जून निघाला तर? फेकू नका. जाड सोलून मोठ्या फोडी करा, कुकरला लावा आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून फिरवा. दोरे वर जाळीवर राहतात, गर खाली पडतो. त्या गरात लसूण, मिरपूड आणि थोडं दूध घालून सूप करा, नाहीतर तोच थालीपिठाच्या भाजणीत घालून पीठ भिजवा. जाळी मात्र लगेच धुवा, दोरे वाळले की निघता निघत नाहीत.